वस्तू कोणाची, फोन कोणाचा, खाते कोणाचे?

(देवनार येथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय कळला तेव्हा तुमच्यापैकी काहीजणींनी विचारले, "ताई, घरातल्या जुन्या वस्तू मोबाइलवर कशा विकायच्या, यासाठी शिबिराचे एक सत्र कशाला? आमची पोरे दोन मिनिटांत शिकवतात." बरोबर आहे. कुठले बटण दाबायचे ते पोरे शिकवतील. पण ती वस्तू विकण्याचा हक्क कोणाचा आणि आलेला पैसा कोणाच्या हाती जायचा, हे प्रश्न स्त्रियांच्या चळवळीचे आहेत. म्हणून आपण दोन्ही बोलू: विकायचे कसे, आणि विकण्याआधी काय पाहायचे.

जुन्या वस्तूंचा व्यवहार बायकांना नवा नाही. बोहारीण आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी. आपण दोन पँटी आणि तीन साड्या पुढे ठेवायच्या, तिने "अजून एक शर्ट टाका" म्हणायचे, आपण "मग डबा मोठा दे" म्हणायचे. दोन्ही बाजूंना बाई असलेला हा बाजार. मुंबईत मुख्यतः वाघरी समाजाच्या कष्टकरी स्त्रियांनी तो चालवला. घरातल्या बाईच्या हाती रोकड नसे, पण जुन्या कपड्याचे भांडे करण्याचा निर्णय तिचा असे. मात्र त्यातून यायचे ते भांडेच. पैसा येत नसे.

दुसरा गिऱ्हाईक भंगारवाला. तो पैसे देतो, पण वजनावर. चालू शेगडी असो की मोडकी, त्याच्या काट्यावर ते लोखंडच. वापरणारी बाई मात्र वस्तू उपयोगावर घेते. नुकतेच बिऱ्हाड मांडलेल्या मुलीला चालू शेगडीची किंमत किलोवर मोजायची नसते. या दोन भावांमधला फरक आजवर मधल्या माणसाच्या खिशात गेला. १९२७ पासून मुंबईने आपला कचरा देवनारला आणून टाकला. त्या ढिगातून वस्तू वेचून, निवडून जगलेल्या बायांना हा फरक कोणी शिकवायला नको. मोबाइलचा खरा फायदा एवढाच, की वस्तू वापरणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत आपल्याला थेट पोचता येते.

आता लिलावाविषयी. लिलावाची भिशी तुमच्यापैकी अनेकजणी खेळल्या असाल. तिथे ज्या बाईला नड जास्त, ती कमी रक्कम पत्करून भिशी उचलते. बोली तिच्या विरुद्ध चालते. वस्तूच्या लिलावात उलट होते. घेणाऱ्या चारजणी असल्या की बोली विकणारीच्या बाजूने चढते. "द्या, काय द्यायचे ते" असे म्हणून आपल्या वस्तूची आणि स्वतःचीही किंमत कमी करण्याची जी सवय आपल्याला लावली गेली आहे, तिला यात थोडा आळा बसतो.

संगणकावरचा असा लिलाव १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे या कंपनीने सुरू केला. आपल्या मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम निघाली. २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली, आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतातले संकेतस्थळ बंद झाले. आज सामान्य माणसे घरातली जुनी वस्तू विकायला ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा व्हॉट्सअॅपचे गट वापरतात. तिथे बहुधा घासाघीस चालते, बोली नाही. पण बोली लावायला कंपनी लागत नाही. देवनार, गोवंडी, मानखुर्द, चेंबूर इथल्या आपल्या गटांचा मिळून व्हॉट्सअॅपवर एक गट केला, तरी लिलाव चालतो.

तो असा. वस्तू दिवसाच्या उजेडात ठेवून तिचे तीन फोटो काढा: समोरून, मागून, आणि जिथे पोचा किंवा तडा असेल तिथला. खोट लपवू नका. लपवलेली खोट दारात भांडण आणते. फोटोत मुले, घराचा नंबर, देव्हारा, कपाट काही दिसू नये. खाली लिहा: कुकर, पाच लिटर, चार वर्षे वापरलेला, रबर नवे हवे. बोली तीनशेपासून, पन्नास-पन्नासने चढेल, रविवारी संध्याकाळी सहाला बंद. किमान किंमत ठरवताना दोन आकडे समोर ठेवा: भंगारवाला काय देईल आणि नवी वस्तू कितीला मिळते. बोली सगळ्यांसमोर लागली पाहिजे, कानात नाही. आपल्याच नणंदेला खोटी बोली लावायला सांगून भाव चढवायचा नाही. एकदा हे उघड झाले की गटावरचा विश्वास गेला. वेळ संपली की शेवटची बोली ज्या बाईची, वस्तू तिची. पैसे हातात आल्यावरच वस्तू द्यायची, आणि वहीत तारीख, वस्तू, रक्कम लिहायची.

सुरुवात लहान वस्तूने करा. पाळणा, मुलांची सायकल, वापरात नसलेला मिक्सर. शिलाई मशीन मात्र घाईने काढू नका. ती वस्तू नाही, रोजगार आहे. जुना मोबाइल विकणार असाल तर त्यातले फोटो आणि निरोप आधी काढून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, सेटिंगमधून फोन पूर्ण रिकामा करा. आपल्या फोटोंचा कोणी काय उपयोग करील, हे आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींवरून आपण जाणतो.

गटाबाहेर, अनोळखी माणसांना विकताना आणखी काळजी घ्यायची. जिथे आपला नंबर न दाखवता निरोपातून बोलण्याची सोय असेल, तिथे तीच वापरा. मिक्सरच्या निमित्ताने घेतलेला नंबर रात्री अकराला वाजतो, हा अनेकींचा अनुभव आहे. घरी बोलावू नका. स्टेशनबाहेर, दुकानासमोर, दुपारी, दोघींनी मिळून भेटा. आणि हे पाठच करा: पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला. "मी लष्करात आहे, येऊ शकत नाही, कोड पाठवतो, तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असे कोणी म्हटले की समजावे, तो घ्यायला नाही, लुबाडायला आला आहे. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

हे झाले कसे विकायचे ते. आता शीर्षकातले तीन प्रश्न.

मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे बाई वस्तू विकते, पण बँकेत नंबर नवऱ्याचा नोंदलेला असतो. यूपीआय त्या नंबरावर चालते. म्हणजे घासाघीस हिने करायची, वस्तू पुसून हिने द्यायची, आणि पैसा आल्याची घंटा त्याच्या खिशात वाजायची. बोहारणीच्या काळात निदान भांडे तरी घरात राहात होते. म्हणून वस्तूचा फोटो काढण्याआधीचे पहिले काम म्हणजे बँकेत जाऊन आपल्या खात्याला आपला नंबर जोडून घेणे. स्वतःचा फोन नसेल, तर रोखीने व्यवहार करा आणि बचतगटाच्या बैठकीत पैसे जमा करा.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. वस्तू कोणाची? मोबाइल बाईच्या हाती आला तसा तो नवऱ्याच्याही हाती आहे. बाई माहेरी गेली, आणि आठ दिवसांत तिचे कपाट, फ्रिज, मिक्सर विकले गेले, अशी प्रकरणे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पूर्वी कपाट विकायचे तर हातगाडी यायची, चाळ बघायची. आता दुपारभरात सौदा होतो आणि शेजारणीलाही पत्ता लागत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. घरातल्या सामानाची विल्हेवाट लावणे, स्त्रीचा ज्यात हितसंबंध आहे, जे वापरण्याचा तिला हक्क आहे किंवा तिला व मुलांना ज्याची गरज आहे अशी मालमत्ता विकणे, तिचे स्त्रीधन विकणे, हे सारे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मॅजिस्ट्रेट विक्रीला मनाई करू शकतात आणि स्त्रीधन परत देण्याचा आदेशही देऊ शकतात. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला लग्नात मिळालेल्या वस्तू परत मिळण्याचा हक्क १९८६ च्या कायद्यातही आहे. इथल्याच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. स्त्रीधन परत मिळवून देणे हे त्या कक्षाच्या कामाचा भाग राहिले आहे.

पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो. पुरावा काय? पावती नाही, फोटो नाही, आई म्हणते "आम्ही दिले", सासू म्हणते "आम्ही घेतले". १९८५ च्या हुंडाप्रतिबंधक नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी करायची असते. आपल्यापैकी कितीजणींनी केली?

म्हणून माझे सांगणे असे. विकण्यासाठी वस्तूचा फोटो काढायला शिकलेली बाई, न विकायच्या वस्तूंचाही फोटो काढू शकते. कपाट, कंपनीचे नाव, कुठल्या साली, कोणी दिले, पावती आहे का. एका वहीत दोन याद्या करा: विकायच्या वस्तू आणि माझ्या वस्तू. फोटोंची एक प्रत माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे पाठवून ठेवा. जी वस्तू दोघांची आहे ती दोघांच्या संमतीने विका. जी फक्त नवऱ्याची आहे तिला हात लावू नका. हक्क मागणारीने दुसऱ्याचा हक्कही पाळायचा असतो.

कार्यकर्त्या म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. "घरबसल्या हजारो कमवा" असे सांगणाऱ्यांच्या नादी कोणाला लागू देऊ नका. घरातली जुनी वस्तू एकदाच विकता येते, तो धंदा नव्हे. आणि एखादी बाई दर आठवड्याला गटावर एकेक भांडे काढू लागली, तर नुसती बोली लावून थांबू नका. तिच्याकडे जा. भाडे थकले आहे का, दारूला पैसे जात आहेत का, घरात कोणी आजारी आहे का, की तिला निघून जायचे आहे, ते विचारा. लिलावाच्या गटाचा हा उपयोग कुठल्याच कंपनीच्या संकेतस्थळावर होणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या गटातल्या पाचजणींच्या याद्या करून आणायच्या. लिलाव त्यानंतर सुरू करू. आधी आपल्या घरात आपले काय आहे, ते कागदावर येऊ दे.