पाच मिनिटं बाहेर बसूया



दहावीनंतर ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीनं आपल्यातले बरेच जण लातूरला गेले. मीही नांदेडहून एसटीत पेटी टाकून, लोहा-अहमदपूरमार्गे गेले. अकरावीत पाळीला फार रक्तस्राव व्हायचा, प्रॅक्टिकलला उभं राहिलं की चक्कर यायची. सुटीत घरच्यांनी माझ्या लहानपणीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “आता मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.” तिथं सगळे प्रश्न बाबांना विचारले गेले. बाबांसमोर मी काय बोलणार? अभ्यासाचा ताण म्हणून टॉनिक मिळालं. हिमोग्लोबिन तपासलं गेलं ते थेट इंजिनिअरिंगला असताना. १२ हवं होतं, ७ निघालं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात दोन प्रणाली जिथं जोडल्या जातात, तिथंच बिघाड लपतो. सोळा-सतराचं वय असाच सांधा आहे. बालरोगतज्ज्ञांचं बोट सुटलेलं असतं आणि मोठ्यांच्या ओपीडीत आपलं म्हणणं मांडता येत नाही.

मागच्या वर्षी लातूरला ‘नीट’ची तयारी करणारी माझी भाची तशीच गळून गेली. या वेळी आम्ही सरकारी रुग्णालयातल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये गेलो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. त्यातल्या क्लिनिकना आपल्या राज्यात ‘मैत्री’ म्हणतात. समुपदेशक ताई मला म्हणाल्या, “मावशी, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा.”

खरं सांगते, मला जरा लागलं. बाकड्यावर बसल्यावर वाटलं, माझ्या वेळी हे कुणी बाबांना म्हणालं असतं तर!

भाचीची रक्ततपासणी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी मिळाली. रात्र-रात्र झोप लागत नाही, हेही आत सांगितल्याचं तीच नंतर बोलली. आणखी काय बोलली, ते मी विचारलं नाही.

मित्रहो, आपली मुलं आता त्याच वयाची आहेत. मार्कांबरोबर त्यांची झोप, भूक, पाळी यांचीही चौकशी करूया. मन फार जड झालं तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी म्हणायची वाट न पाहता आपणच उठून पाच मिनिटं बाहेर बसूया.