मोटारीचा कॅमशाफ्ट बदलतांना

दारांत अजून जुनी अँबॅसडर उभी आहे अशीं घरें आजहि आढळतात. बंगालमधील उत्तरपाडा येथील ही गाडी २०१४ सालीं निघावयाची बंद झाली. तिच्यांत पुष्कळ वर्षें १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन असे. त्याच्याच कॅमशाफ्टविषयीं आज बोलावयाचें आहे.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. त्यावरील उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडप उघडतो. उंचवटा झिजला कीं झडप पुरती उघडत नाहीं. टकटक ऐकूं येते व गाडी चढावर दमते. मात्र झडपेचें अंतर वाढल्यानेंहि टकटक होते. म्हणून आधीं तें अंतर जुळवावें. मग इंजिन हातानें फिरवून प्रत्येक पुशरॉड किती उचलला जातो तें मोजावें. एखादा इतरांहून बराच कमी उचलला गेला, तरच पुढच्या खर्चाचा विचार करावा.

खोलण्याचें काम लांबलचक आहे, इतकेंच. रॉकरच्या आधाराचे कांहीं नट सिलिंडरहेडहि धरून ठेवतात, यास्तव पाणी प्रथम काढावें. रेडिएटर, चेन, डिस्ट्रिब्यूटरची दांडी, तेलाचा पंप, बाजूच्या झांकणांतून टॅपेट, हें सारें निघालें कीं शाफ्ट पुढून हळूच ओढावा. बसवितांना दोन्ही दंतचक्रांवरील खुणा समोरासमोर आणाव्यात.

आतां खरी गोष्ट. नव्या शाफ्टखालीं जुनेच टॅपेट चालतील, असें सांगणारा कारागीर हमखास भेटतो. त्याचें ऐकूं नये. चांगला टॅपेट चालतांना स्वतःभोंवतीं फिरत असतो, त्यामुळें झीज सारखी वांटली जाते. तळ खोलगट झालेला टॅपेट फिरेनासा होतो व नवा उंचवटा थोडक्याच दिवसांत खाऊन टाकतो. आठ टॅपेटचे पैसे वांचवितांना सबंध मजुरी पुन्हां भरावी लागते!

दुसरा धोका पहिल्या वीस मिनिटांत असतो. उंचवट्यांस तेल मिळतें तें मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांनीं. इंजिन मंद चाललें तर तें पुरत नाहीं. उंचवट्यांस खास लेप लावावा. पेट्रोल, ठिणगी, पाणी आधींच नीट पाहावें, कारण स्टार्टर वारंवार फिरविल्यानें लेप पुसला जातो. सुरू होतांच मिनिटास सुमारें २००० फेऱ्यांवर वीस मिनिटें चालूं द्यावें. शेजारी कुरकुरतील, तर कुरकुरोत. त्यानंतर तेल व फिल्टर बदलून झडपांचीं अंतरें पुन्हां एकदां तपासावींत.