भिंतीवरचा तक्ता आणि कपाटातली फाईल



गटाने किंवा शेतकरी कंपनीने धंदा उभा करायचा तर कामाचे नियोजन कसे करावे, यावर आम्ही बोलावे असे ठरले आहे. आम्ही काही या विषयातले पंडित नाही. आमची आधी फजिती झाली, म्हणून हे शिकलो. तेव्हा फजितीपासूनच सुरुवात करतो.

आमच्या गटात अठरा जण. सगळे जिरायतवाले. खरिपाला कापूस, रब्बीला ज्वारी. मळणी झाली की ज्वारी तशीच पोत्यात भरायची आणि बाजारात न्यायची. तिथे माती-काडीच्या नावाने कट्टी बसायची, हे आपल्या सगळ्यांचेच रडगाणे. म्हणून ठरवले की चाळणी आणि प्रतवारीचे मशीन घ्यायचे, शेड बांधायची, ज्वारी साफ करून पिशवीत भरून विकायची. प्रकल्प अहवाल झाला. चांगला जाडजूड झाला. त्यात शेवटच्या पानांवर कामाचे वेळापत्रकही होते, बारीक अक्षरात. कर्ज मिळाले, फाईल अध्यक्षांच्या घरच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले.

पुढे काय झाले? शेड झाली, फरशी झाली, पौष महिन्यात मशीनही आले. आम्ही नारळ फोडला. बटण दाबायला गेलो तर वीज कुठे होती? थ्री फेजचा अर्जच कोणी दिलेला नव्हता. शेड बघणाऱ्याला वाटले मशीन आणणारा देईल, मशीन आणणाऱ्याला वाटले सेक्रेटरी देईल. मग अर्ज, मग पाहणी, मग कोटेशन भरणे, मग डीपीवर भार बसतो की नाही याचा घोळ. वीज आली तेव्हा ज्येष्ठ उजाडला होता. ज्वारी फाल्गुनातच बाजारात गेली होती, तशीच माती-काडीसकट. मशीन ताडपत्रीखाली आणि व्याज मात्र चालू. हिशेबाला सोपा आकडा घ्या: दहा लाखांचे कर्ज, दसादशे बारा, म्हणजे महिन्याला दहा हजार. उशीर झालेला एकेक महिना एवढ्याला पडतो. तोही हंगामाच्या आत झाला तर. हंगाम चुकला की अख्खे वर्ष गेले.

या गोष्टीत कुठल्या कार्यालयाला शिव्या देण्यात अर्थ नाही. चूक आमची होती. पैशाचे नियोजन आम्ही केले होते. दिवसांचे केले नव्हते. जे केले होते ते कोणाला दिसत नव्हते.

गटातल्या एक आजी बैठकीत म्हणाल्या, "दुधाचा हिशोब तुम्ही कालनिर्णयवर मांडता, सिलिंडर लावला त्याची तारीख कालनिर्णयवर, अन् दहा लाखांचा हिशोब कपाटात ठेवता व्हय?" सगळे हसले. पण त्याच बैठकीत शेडची आतली भिंत चुन्याने पांढरी करून घ्यायची असे ठरले.

त्या भिंतीवर आम्ही काय केले ते नीट सांगतो, कारण ते कोणालाही करता येईल. आडव्या बाजूला बारा महिने, प्रत्येक महिन्याचे चार भाग. डाव्या बाजूला वरून खाली एकेका कामाची ओळ: कर्ज, जागेची कागदपत्रे, शेड, वीज, मशीन, मजूर, पिशव्या, गिऱ्हाईक. वाचता न येणाऱ्यासाठी प्रत्येक ओळीला चित्र, विजेला खांब, मशीनला चाळणी. काम जेव्हा सुरू व्हायला हवे तिथून संपायला हवे तिथपर्यंत गेरूची रेघ काढायची. काम जेवढे खरोखर झाले तेवढी त्या रेघेखाली कोळशाची जाड पट्टी भरत न्यायची. गेरू म्हणजे ठरलेले, कोळसा म्हणजे झालेले. वर एका खिळ्याला सुतळी आणि सुतळीला दगड, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. दर बाजारच्या दिवशी ओळंबा एक घर उजवीकडे सरकवायचा. ओळंबा म्हणजे आज. त्याच्या डावीकडे जिथे गेरू आहे आणि कोळसा नाही, ते काम मागे पडले. एवढे समजायला शाळेत जावे लागत नाही.

हा काही आम्ही लावलेला शोध नाही. कारखानदार शंभर वर्षांपासून हेच वापरतात. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1910 च्या दशकात असे पट्ट्यांचे तक्ते रूढ केले, म्हणून त्याला गँटचा तक्ता म्हणतात. त्याच्याही आधी, 1896 मध्ये, पोलंडच्या कारोल अदामीएत्स्कीने असाच तक्ता केला होता. पण त्याने तो छापला बराच उशिरा आणि आपल्या पोलिश भाषेत, त्यामुळे जगाला त्याचे नाव कळलेच नाही. मराठी माणसाला यातले दुःख वेगळे सांगायला नको. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात माल कधी आणायचा ते चिठ्ठीवर चाले; तिला ते कानबान म्हणतात, म्हणजे साधी पाटी. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे पाटीवर मांडावे लागते ते आपल्याला तोंडी चालेल असे आपण समजतो!

तक्ता काढताना खरा फायदा कशात आहे? उलटे मोजण्यात. आपण नेहमी आजपासून पुढे मोजतो: आधी हे करू, मग ते बघू. तक्त्यावर शेवटून सुरुवात करा. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे मशीन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिरले पाहिजे. ते फिरायला आधी वीज हवी, विजेला आमच्या अनुभवाने पाच महिने लागले. म्हणजे अर्ज ऑगस्टच्या आत गेला पाहिजे, आपण खुरपणीत बुडालेले असतो तेव्हा. फरशीला पंधरा दिवस लागतात. ती उशिरा झाली तरी बिघडत नाही. सगळ्या रेघा अशा मांडल्या की सगळ्यात लांब साखळी कोणती ते डोळ्यांना दिसते. धावपळ त्या साखळीवर करायची. आम्ही सगळी धावपळ शेडच्या पत्र्यावर केली होती, कारण पत्रा लांबून दिसतो आणि अर्ज दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, भिंतीवर रेघा मारून गावे सुधारली असे कुठे झाले आहे का? लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. (जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण आपल्या तोंडी अजून नगरच.) तिथे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चर, बंधारे, झाडे यांचे कौतुक पाहुणे करतात. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे आकडे मांडायचे: एवढे पाणी आले, एवढे माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याला राखून ठेवायचे, उरले त्यात रब्बीला काय पेरायचे. हे आकडे फळ्यावर, सगळ्यांसमोर.

हिशोब काही अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हिवरे बाजारचे क्षेत्र साधारण 976 हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटरला जवळजवळ 98 लाख लिटर. त्यातले किती वाहून गेले, किती उन्हाने उडाले, किती मातीत राहिले, किती विहिरीला लागले, याची वाटणी मांडायची. त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळीला नाही म्हटले. अशी बंदी नुसत्या भाषणाने टिकत नाही, भाषण करणाऱ्यांनाही हे माहीत असते. पण फळ्यावर जेव्हा दिसते की उसाला पाणी दिले तर उन्हाळ्यात टँकर लागेल, तेव्हा माणूस भांडला तरी आकड्याशी भांडतो, सरपंचाशी नाही.

धंद्याचे सोडा, कपाशीचेच बघा. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. तेव्हापासून कामगंध सापळे सगळ्यांना माहीत झाले. टेहळणीसाठी हेक्टरी पाच सापळे लावायचे. पण सापळा लावून त्यातले पतंग कोणी मोजतो का? बहुतेकांचा सापळा काठीवर झोकांड्या खात असतो आणि शेजाऱ्याने पंप उचलला की आपण उचलतो. शिफारस अशी आहे की एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, आणि असे लागोपाठ तीन रात्री, झाले की उपाय करायचा. "लागोपाठ तीन" हे डोक्यात राहत नाही. त्यासाठी पोराच्या वहीचे चौकटीचे पान घ्या, रोजचे एक घर, जेवढे पतंग तेवढे वर टिंब, आठावर लाल रेघ. पान गोठ्याच्या दाराला लावा. टिंबे रेघेच्या वर गेली तरी आधी शेतात हिंडून वीस हिरवी बोंडे फोडून बघा. दोनांत अळी सापडली म्हणजे दहा टक्के झाले, मग थांबू नका. त्याच पानावर सापळ्यातली ल्युर कधी बदलली ती तारीख लिहा. आमच्याकडे हे पान गटातल्या बायका भरतात, कारण वेचणीला आणि खुरपणीला शेतात त्याच असतात. पुरुषांनी भरलेली पाने दोन आठवड्यांत कोरी पडली, हे कबूल करतो.

आता अडचणी. पहिली अडचण भांडणाची. ओळीपुढे नाव लिहिले की ज्याचे काम मागे पडले तो गावात तोंड लपवतो, नाहीतर भिंतीवर थुंकतो. एकजण तर रात्री येऊन कोळशाने स्वतःची पट्टी भरून गेला! म्हणून आम्ही ठरवले की पट्टी भरायची ती बाजारच्या दिवशी, चौघांसमोर, आणि काम अडले असेल तर का अडले ते त्याने तिथेच सांगायचे. बऱ्याच वेळा तो आळशी नसतो, पैसे मिळाले नसतात.

दुसरी, मोबाईलची. पोरांनी सांगितले, भिंत कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. टाकले. दुसऱ्या दिवशी तीस शुभसकाळच्या फुलांखाली तक्ता गाडला गेला. भिंत गाडली जात नाही. फोटो मात्र दर आठवड्याला काढून ठेवा. आमचा पहिला तक्ता दिवाळीच्या रंगकामात कोणीतरी भक्तिभावाने पुसून टाकला होता.

आणि तक्त्यातून भाव येत नाही, पाऊस येत नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुसऱ्या वर्षी आमचे मशीन वेळेवर फिरले. वीज आली, ज्वारी आली, गिऱ्हाईकही ठरले, आणि पिशव्या दोन आठवडे उशिरा आल्या. त्या ओळीत "पिशव्या" लिहिले होते, पण छपाईला नमुना आधी द्यावा लागतो ही ओळ आम्ही काढलीच नव्हती. यंदा ती आहे. आज सकाळी निघताना बघून आलो. ओळंब्याच्या डावीकडे दोन पट्ट्या अर्ध्या आहेत, एक पिशव्यांच्या नमुन्याची आणि एक भागभांडवल गोळा करण्याची. त्या ओळींपुढे कोणाची नावे आहेत ते इथे सांगत नाही. दोघेही समोरच बसले आहेत.