जुन्या फायबर बोटींचा नाद

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये छंदांवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला बजावून सांगितलंय, "काका, छंदावर बोला, पण 15 मिनिटांच्या वर नको." प्रयत्न करतो. माझ्या छंदाची अडचण अशी, की तो आपल्या सोसायटीत करताच येत नाही. स्कूटर लावण्यावरून आपल्याकडे दोन एजीएम गाजल्या आहेत, तिथे मी 16 फुटी बोट कुठे उभी करणार? त्यामुळे हा छंद मी मिनेसोटाला मुलाकडे जाईन तेव्हाच करतो. जुन्या, फायबरग्लासच्या स्पीडबोटी. 1955 ते 1975 या काळातल्या.

नोकरीची 32 वर्षं मी फायबरच्याच कारखान्यात काढली. केमिकलच्या टाक्या, डक्ट, दरवाजे. सगळा चौकोनी आणि गोल माल. बोट कधी बनवली नाही. मिनेसोटात गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं, आणि घराघरापुढे ट्रेलरवर बोट उभी असते. मुलाच्या शेजारी एक ऐंशीला टेकलेले गृहस्थ राहतात. त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. एकदा त्यांनी ताडपत्री ओढली आणि मी बघतच राहिलो. वर पांढरी, खाली फिरोजी, मागे दोन्ही बाजूंना जुन्या अमेरिकन मोटारींना असायचे तसे पंख. आणि जवळ जाऊन हात लावतो तर काय, आपलंच मटेरियल!

हे पंख आले कुठून, ते सांगतो. आधी या बोटी लाकडाच्या असत, महोगनीच्या. दिसायला राजबिंड्या, पण दर वसंतात खरवडा, व्हार्निश लावा, फळ्या पाण्यात फुगून सांधे बसेपर्यंत वाट बघा. 1930च्या दशकात अमेरिकेत काचेचे धागे कारखान्यात निघू लागले, पुढे पॉलिएस्टर रेझिन आलं, आणि 1942 साली ओहायोतल्या टोलेडो गावच्या रे ग्रीन यांनी फायबरची बोट करून दाखवली. युद्ध संपल्यावर मग कारखानेच निघाले.

पेणला गणपतीचे कारखाने तुम्ही पाहिले असतील. साचा एकदा नीट जमला की सोंडेचं वळण शंभराव्या मूर्तीतही तेच. बोटीचं तसंच. साच्याला मेण चोळायचं, आधी रंगाचा थर द्यायचा, त्याला जेलकोट म्हणतात, मग आतून काचेची मॅट आणि रेझिन, रोलर फिरवून हवा काढायची. म्हणजे बाहेरची कातडी आधी आणि अंग नंतर. लाकडाला जे वळण द्यायला सुताराचा महिना गेला असता ते इथे फुकटात मिळायचं. मग काय, डिझायनर लोकांनी हौस भागवून घेतली. पंख काढले, विमानासारखी नाकं काढली, जेलकोटमध्ये चक्क चमकी मिसळली. चमकीची बोट उन्हात बघवत नाही, मला स्वतःला ती आवडत नाही, पण तिच्यासाठी जीव टाकणारे लोक आहेत. मुख्य म्हणजे किंमत उतरली आणि पगारदार माणसाच्या घरी बोट आली.

लोकांना भीती एकच होती, काच ती, फुटली तर? बोस्टन व्हेलर कंपनीच्या डिक फिशर यांनी 1961 साली 'लाइफ' मासिकाच्या फोटोग्राफरसमोर आपली बोट करवतीने मधोमध कापून घेतली आणि इंजिन असलेल्या अर्ध्या भागात बसून निघून गेले. दोन कातड्यांमध्ये फोम भरलेला, बुडणार कशी? जाहिरात असावी तर अशी.

आणि एक गोष्ट आपल्या मुंबईची. वेगवान बोटींच्या जगात सॉनी लेव्ही हे नाव फार मोठं. जन्म कराचीचा, आणि 1950च्या दशकात हा माणूस आपल्या मुंबईत वडिलांच्या बोटींच्या कारखान्यात काम करत होता. पुढे इटलीला गेला, आणि त्याच्या बोटीने 1963 साली इंग्लंडची काउज ते टॉर्की ही खुल्या समुद्रातली शर्यत जिंकली. त्याच्या पुस्तकाच्या नावातच आपल्या समुद्रातली ढाऊ गलबतं आहेत. हे मला मिनेसोटातल्या लायब्ररीत कळलं. मुंबईत आयुष्य गेलं, इथे कुणी सांगितलं नव्हतं.

असो. आता मूळ गोष्ट. खरं तर हे मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

त्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही या धंद्यातले. बोट पाण्यात घालण्यासारखी आहे का?" मी चष्मा लावून फिरलो. जेलकोट खडूसारखा पांढुरका पडला होता, तो घासून निघतो. मागच्या उभ्या भिंतीवर, ज्यावर इंजिन टांगलेलं असतं आणि जिला ट्रान्सम म्हणतात, बोल्टच्या भोवती केसाएवढ्या भेगा होत्या. मी म्हटलं, "वरवरच्या आहेत. काही झालेलं नाही." 32 वर्षांचा अनुभव बोलत होता.

तीन आठवडे आम्ही दोघांनी पॉलिश पेपरने घासलं. 600, 800, 1000. मग कंपाउंड, मग मेण. काय चमकली म्हणून सांगू! जूनमध्ये पाण्यात घातली. सुकाणूवर ते, शेजारी मी, पुढे त्यांची दहा वर्षांची नात. तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, आमच्याही होतं. तळ्याच्या मध्यावर त्यांनी पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, नाक वर उचललं, आणि मागून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. वळून बघतो तर ट्रान्समचा वरचा भाग कलंडलेला आणि अख्खं इंजिन तिरकं लोंबतंय. त्यांनी घाबरून वेग एकदम बंद केला. तेव्हा आपलीच मागची लाट आपल्याला गाठते आणि मागच्या बाजूने आत येते. तशी ती आली. गुडघ्याच्या खाली पाणी. नात ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. ती नजर मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या एका बोटीने आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं. कुणाला काही झालं नाही. ते गृहस्थ मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी आणि ड्रिल घेऊन दारात उभे.

गेल्या वर्षी आपल्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, तेव्हा तो इंजिनिअर कॉलमवर हातोडी मारत फिरत होता, आठवतंय? चांगल्या ठिकाणी टणटण, प्लास्टर सुटलेल्या ठिकाणी बद्द. ट्रान्सम तसाच वाजला. अर्धा बद्द. ड्रिल मारलं तर चहाचा चोथा बाहेर आला, ओला, तपकिरी. ते एकेकाळचं प्लायवूड.

कारण असं, की नुसत्या फायबरचा पातळ पत्रा लवतो. म्हणून त्या काळच्या बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये, तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत आणि फ्लोअरखाली लाकूड घालून वरून फायबर चढवलेलं असतं. काच कुजत नाही. पण 50-60 वर्षांत कुणी ना कुणी चार स्क्रू मारलेले असतात आणि त्या भोकांना सील केलेलं नसतं. पावसाचं पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. मिनेसोटाच्या थंडीत त्याचा बर्फ होतो, फुगतो, थर सोडवतो. बाहेरून सगळं चकाचक. टाक्यांमध्ये लाकूड नसतं, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. पण डोक्यात आलं नाही हे कारण झालं का? मला माहीत नव्हतं, तर तसं म्हणायला हवं होतं.

मग दुरुस्ती. बाहेरची कातडी ठेवायची, आतली कापून काढायची, चोथा खरवडायचा, पंखा लावून आठवडाभर वाळवायचं. पाऊण इंचाच्या मरीन प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवून नवा ट्रान्सम. कडा तर आधी रेझिनने भिजवून घ्यायच्या, पाणी कडेनेच शिरतं. अख्ख्या गल्लीतून शिकंजे मागून आणले. रेझिनवरून आमचं वाजलं. मी आयुष्यभर पॉलिएस्टरवाला, ते म्हणाले लाकडाला इपॉक्सीच धरते. त्यांचं बरोबर होतं. पॉलिएस्टरला ठाण्याच्या मे महिन्यात हार्डनर कमी घालायचा आणि थंडीत थोडा जास्त, हा माझ्या हाताला लागलेला हिशोब. इपॉक्सीत तसं चालत नाही. माप ठरलेलं, वेग बदलायचा तर हार्डनरच दुसरा आणायचा. दोनदा माझा हात पुढे गेला, दोनदा त्यांनी मनगट धरलं.

पैशाचा हिशोब विचाराल तर वेडेपणा आहे. जेवढ्याचं सामान लागलं तेवढ्यात तशी दुसरी बोट मिळाली असती. पण ॲल्युमिनियमची बोट भंगारात तरी जाते. फायबरची कुणी घेत नाही. प्लास्टिकच्या बादलीसारखं ते वितळत नाही, भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही तसं. सिमेंटच्या भट्टीत थोडंफार वापरतात, बाकी कापून जमिनीत पुरायचं. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या शेताच्या बांधावर या बोटी पडून असतात. आपल्या कोकणातल्या बंदरांवरही आता लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या आल्यात. त्या जुन्या झाल्यावर काय करायचं, हे आपण अजून कुणी विचारलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. बोट तयार होती, त्यांनी पाण्यात घातली नव्हती. म्हणाले, "तुमच्यासाठी थांबलो." पहिल्या फेरीला नातीला किनाऱ्यावरच ठेवलं. मी मागे बसलो, पाठ इंजिनाकडे नाही, तोंड इंजिनाकडे, तळहात ट्रान्समवर. पूर्ण वेगात दोन चकरा. हाताला नुसती थरथर, एकसारखी. तिसऱ्या फेरीला नात आली. आधी तिने माझ्याकडून हातोडी मागून घेतली आणि स्वतः पाच-सहा ठिकाणी वाजवून बघितलं. मग बसली.

त्या कुजक्या प्लायचा एक तुकडा मी जपून ठेवलाय. आज पिशवीतून आणलाय. चहाच्या टेबलाजवळ ठेवतो, बघून घ्या. वास येतो थोडा, तेव्हा वड्यांपासून लांब ठेवतो.