मिरवणुकीला भिंत
(तुर्भे इथं झालेल्या बैठकीतलं भाषण)



मागच्या बैठकीत काही मित्रांनी ठराव मांडला. चौदा एप्रिलची मिरवणूक रस्त्यावरनं काढण्यापेक्षा सरकारकडं कायमचं मैदान मागू. गॅलरी, दिवे, पाणी, संडास, सगळं पक्कं. ठाणे-बेलापूर रस्ता तुंबतो, रात्री दहाला आवाज बंद, परवानगीसाठी खेटे घालून चपला झिजतात. मागणी वेडी नाय. म्हणूनच मत देण्याआधी, जिथं असं काम खरोखर झालंय तिथं काय झालं, ते बघू.

कार्निव्हल म्हटलं की आपल्याला पणजीचे चित्ररथ आठवतात. ते आजही रस्त्यावरनंच जातात. पण ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोत १९८४ साली सरकारनं खास या मिरवणुकीसाठी सिमेंटची वास्तू बांधली. साम्बाद्रोम. मधे सुमारे सातशे मीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच पायऱ्या, टोकाला चौक आणि काँक्रीटची कमान. आराखडा कम्युनिस्ट आर्किटेक्ट ओस्कार निमायरचा. चारेक महिन्यांत उभी केली.

आता ही मिरवणूक कुणाची? वालोंगो नावाच्या धक्क्यावर सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं बेड्यांत उतरवली गेली. तिथली गुलामी कायद्यानं संपली १८८८ मध्ये. त्या माणसांच्या पोरानातवंडांनी सांबा घडवला. सुरवातीला पोलीस त्यांच्या हातातली डफडी हिसकावून घ्यायचे. प्रासा ओन्झे हा त्यांचा चौक, तोही १९४० नंतरच्या दशकात रुंद रस्त्यासाठी तोडला. 'सांबा स्कूल' म्हणजे पाटीपेन्सिलीची शाळा नव्हे, वस्तीचं मंडळच ते. इम्पेरियो सेरानो हे मंडळ १९४७ साली टेकडीवरच्या वस्तीत निघालं, त्याच्या मुळाशी बंदरातले हमाल होते. गोदीत माल उचलणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून खांद्यावरचं ओझं जरा हललं.

तेव्हा साम्बाद्रोम ही भीक नव्हती, हक्काची जागा होती. आणि एक गोष्ट मला फार आवडते. गव्हर्नर ब्रिझोला आणि त्यांचा जोडीदार, मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेरो, यांनी त्या पायऱ्यांच्या पोटात वर्गखोल्या काढल्या. चार रात्री नाच, बाकी वर्षभर गरिबांची पोरं शिकणार. मैदान मागायचंच असेल तर असं मागा. खाली अभ्यासिका नसलेली गॅलरी मला नको.

पण भिंत आली की दार येतं, दार आलं की तिकीट. चांगल्या जागा पैसेवाल्यांना आणि टुरिस्टांना, स्वस्त जागा पार शेवटच्या टोकाला. पोशाख विकत घेऊन परदेशी पाव्हणे मंडळात नाचतात. आणि त्यांच्या पायाखालचे ते अवाढव्य रथ? पुष्कळसे अजून माणसं हातानं ढकलतात, आत लपून, कुणाला दिसू नयेत अशी. मिनिटं मोजलेली, उशीर झाला की गुण कापले. त्याच १९८४ साली मोठ्या मंडळांनी संघटना काढली, तिचा पहिला अध्यक्ष कास्तोर दे आंद्राद, 'जोगो दो बिशो'चा म्हणजे तिथल्या मटक्याचा राजा. १९९३ मध्ये न्यायाधीश बाईंनी त्याला नि त्याच्या जोडीदारांना शिक्षा ठोठावली. वस्तीच्या सणावर मटकेवाल्याचा पंजा आपल्याला नवीन आहे का?

भिंतीच्या आतही लोक गप्प बसले नाहीत, हेही सांगतो. १९८८, गुलामी संपल्याची शंभरी. विला इझाबेल मंडळानं काळ्यांचा वीर झुंबी याचा जागर मांडला आणि पहिला नंबर मारला. पुढच्या वर्षी बेजा-फ्लोरनं भिकाऱ्याच्या रूपातला ख्रिस्त रथावर ठेवला. चर्चनं कोर्टातनं मनाई आणली. त्यांनी तो काळ्या प्लास्टिकात गुंडाळून मिरवला. २०१८ साली नगरसेविका मारिएल फ्रँको यांना गोळ्या घातल्या, २०१९ च्या मिरवणुकीत मांगेरा मंडळानं त्यांचं नाव गाजवलं आणि जिंकलं.

पण तिथं बघणारा तिकीट काढून आलेला असतो. आपली मिरवणूक, आपला मोर्चा ज्याला बघायचा नसतो त्याच्याही खिडकीखालून जातो. १० जानेवारी १९७४ ला परळला मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव शहीद झाला. तो दगड बंद मैदानात आला नसता, खरंय. पण मग त्या खिडक्यांना आपण कधी दिसलोही नसतो. गाव त्याच्या रस्त्यावरनं आपल्याला चालू देत नव्हतं, हे आज्याला विचारा.

माझं मत असं. अभ्यासिकेसकट मैदान मागा, भांडून मागा. पण ठरावातली 'रस्त्याऐवजी' हा शब्द खोडा.

साम्बाद्रोमच्या पहिल्याच वर्षी एक झालं. रिबेरोंच्या योजनेप्रमाणं मंडळांनी टोकाच्या चौकात पोचायचं आणि तिथं शेवट करायचा. मांगेरा पोचली, थांबली नाही. उलटी वळली आणि आली त्याच रस्त्यानं वाजवत परत निघाली, अन् बघणारे लोक तिच्यामागं चालू लागले.