लवाद कुणी नेमावा?
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



राष्ट्रसंतांच्या या गुरुकुंजात भांडण आपसात मिटावं, असंच सर्वांना वाटतं. पण पंच दोन्हीकडचा पाहिजे ना!

रंगकाम, लिफ्ट, टाकी अशा करारांत कधी शेवटी एक कलम असतं: 'वाद झाल्यास कंत्राटदार नेमेल तो लवाद.' आपण न वाचता सही करतो. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका बाजूचा नोकर वा सल्लागार लवाद होऊ शकत नाही. आणि निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं एकमेव लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं.

मग अशा लवादाची नोटीस आली तर? गप्प बसू नका. त्याच्या अधिकाराला हरकत कलम १६ प्रमाणे लेखी घ्या, आणि ती आपली कैफियत देण्याआधी, फार तर देतानाच. त्यानं हरकत फेटाळली तर काम पुढं चालतं. निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांत कलम ३४ खाली कोर्टात जाता येतं. मात्र वाद उभा राहिल्यावर 'हा लवाद मान्य' असं लिहून देऊ नका. तो नोकर-सल्लागार असला तरी मग चालून जातो.

दुरुस्ती निधीत प्रत्येक घरचा पैसा आहे. पुढच्या करारात 'लवाद दोघांच्या संमतीनं' एवढं लिहून घेऊ. सहीआधी शेवटचं पान वाचा बाप्पा!

जय गुरु!