थोर तालवादक कोणास म्हणावें?

धानाची कापणी आटोपली, कीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस येतात. चंद्रपुराहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूल हें गांव आहे. त्या भागांतील खेड्यांतून मंडईच्या निमित्तानें मांडव पडतात, वडशाच्या नाटकमंडळ्यांना बोलावणें जातें, आणि रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहांटेपर्यंत चालतो. घरीं परततांना नायकाचें पद आणि विनोदी पात्राच्या कोट्या लोकांच्या तोंडीं असतात. ज्याच्या हातांवर तें पद रात्रभर उभें होतें, त्या तबलजीचें नांव मात्र क्वचितच निघतें. निघालेंच, तर वाद ठरलेला. एक म्हणतो, हात काय सुरेख चालतो! दुसरा म्हणतो, हात चालतो खरा. पण गाणाऱ्याला तो गाऊं कोठें देतो?

हा वाद झाडीपट्टीच्या मांडवापुरता नाहीं. पाश्चात्य रॉक संगीताच्या रसिकांतहि तो अर्धशतकाहून अधिक काळ रंगत आला आहे. दोन नांवें घेतलीं, म्हणजे तेथील दोन्ही पक्ष स्पष्ट होतात. पहिलें नांव लेड झेपेलिन मंडळीच्या जॉन बॉनमचें. 'मोबी डिक' या रचनेंत तो रंगमंचावर एकटाच वीस-वीस मिनिटें ड्रम घुमवी. मध्येंच काठ्या टाकून नुसत्या हातांनींहि वाजवी. दुसरें नांव बीटल्स मंडळीच्या रिंगो स्टारचें. तो १९६२ सालीं त्यांच्यांत आला. परंतु त्यांच्या अधिकृत संग्रहांत त्याचें एकट्याचें ड्रमवादन काय तें एकदांच, १९६९ च्या 'ॲबी रोड'च्या अखेरीस ऐकूं येतें, आणि तेंहि कांहीं सेकंदांपुरतें. पहिल्या पक्षाला बॉनमपुढें रिंगो सामान्य वाटतो. दुसरा पक्ष उत्तर देतो कीं, रिंगोचा ठेका काढून घेतला, तर तीं गाणीं उभींच राहणार नाहींत.

मराठी रसिकांना हे दोन्ही पक्ष अपरिचित नाहींत. गोमंतकाचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हात, पाय आणि तोंड यांनीं एकाच वेळीं निरनिराळे ताल धरीत. गणिताची ती सिद्धि पाहून जाणते थक्क होत. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचें स्वतंत्र तबलावादन म्हणजे विद्येचें भांडार. बोटें तबल्यावर थिरकतात, म्हणून त्यांना तें नांव पडलें. परंतु हेच थिरकवा गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत. विद्येचा पसारा मांडण्याची ती जागा नव्हे. गाणारा शब्दावर रेंगाळला, तर त्याला अवकाश द्यावा. तान घेऊन निघाला, तर मागोमाग जावें. आणि समेवर दोघांनीं एकाच क्षणीं यावें, हें तेथलें काम. ज्या हातांत सारें आहे, त्यानेंच थोडें द्यावयाचें, ही ती परीक्षा होती.

बॉनमची कथाहि याहून वेगळी नाहीं. १९८० सालीं तो वारला, तेव्हां उरलेल्या तिघांनीं दुसरा वादक घेतला नाहीं. मंडळीच विसर्जित केली. जलद वाजविणारे जगांत दुसरे नव्हते असें नाहीं. परंतु त्या तिघांच्या वाजविण्याशीं जडलेला हात तो एकच होता. एकट्यानें वाजविलेलीं वीस मिनिटें त्याच्या कीर्तीस कारण झालीं असतील. त्याचें मोल कळलें तें इतरांना सुनें सुनें वाटलें तेव्हां.

यापेक्षां कडक कसोटी पाहावयाची, तर पुन्हां रानांत यावें लागतें. भामरागडकडील माडियांच्या ढोलावरील नृत्यांत परीक्षा पावलेंच करतात. ठेका ढळला, कीं फेर विस्कटतो; तो भरदार असला, कीं थकलेले पायहि पुन्हां उचलतात. ढोलवाला किती मात्रांचे हिशेब जाणतो, हें तेथें विचारावेंच लागत नाहीं.

म्हणून हाताची तयारी व्यर्थ, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्याजवळ दहा बोल आहेत, त्यानें एकच वाजविला, तर ती निवड. ज्याच्याजवळ एकच आहे, त्याचा तो नाइलाज. रियाझ हें वादकाचें भांडवल आहे. तें केव्हां खर्चावें आणि केव्हां राखावें, हें मात्र कान सांगतो. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें बांगला देशच्या पीडितांसाठीं झालेल्या जलशांत रविशंकर व अली अकबर खाँ यांच्या साथीस उस्ताद अल्लारखा होते, आणि त्याच रंगमंचावर मागाहून रिंगोनें ड्रम वाजविले. आरंभीं वाद्यें नुसतीं सुरांत लावलीं जात असतां श्रोत्यांनीं टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांचें हंसूं झालें. पण त्या अगदींच अस्थानीं नव्हत्या. वाजविण्यापूर्वीं ऐकावें लागतें, हें त्या चार क्षणांत दिसलें होतें.

आज या वादाला निकडीचें कारण झालें आहे. विजेच्या यंत्रांतून हवा तो ठेका मिळतो. यंत्र थकत नाहीं, मात्रा चुकत नाहीं, बिदागीहि मागत नाहीं. थोरपणा वेगांत आणि अचूकपणांतच असेल, तर यंत्रानें बाजी मारलीच आहे. मग झाडीपट्टीच्या तबलजीनें घरीं बसावें, हेंच ओघानें येतें. परंतु पहांटे तीन वाजतां बसल्या आवाजाची नटी पद अर्ध्यावर सोडूं पाहते, तेव्हां लय किंचित् उतरवून, एक आवर्तन अधिक भरून तिला सावरणें ठरीव ठेक्याच्या यंत्राला साधत नाहीं. त्याला तिचा श्वास ऐकूं येत नाहीं.

ज्याच्या संगतींत दुसऱ्याचें गाणें, नाचणें वा बोलणें अधिक चांगलें होतें, तो थोर तालवादक. अशा थोरपणाला एक अडचण आहे: तो जितका खरा, तितका कमी दिसतो. म्हणून कांहीं भार श्रोत्यांवरहि येतो. पद रंगलें, तर घरीं परततांना गाणाऱ्याच्या नांवाबरोबर तबलजीचेंहि नांव विचारावें. तें नांव विचारलें जाईल, तोंवर त्या मांडवांत त्याची जागा राहील.